पर्पल मार्टिनची दुसरी वीण: खरी कशी ओळखायची आणि जून-जुलैत घरमालकानं काय करायचं

दुर्बीण (ह्यूस्टन)

जून उजाडला की वेगवेगळ्या धाग्यांवर हाच प्रश्न फिरून फिरून येतो: "खांबावरच्या मार्टिनची पिल्लं उडाली, आणि त्याच भोपळ्यात आता पुन्हा अंडी आहेत. ही दुसरी वीण का?" उत्तरं इकडेतिकडे विखुरली आहेत, म्हणून हा वेगळा धागा.

नव्यांसाठी थोडक्यात. पर्पल मार्टिन हा भिंगरीच्या कुळातला उत्तर अमेरिकेतला सगळ्यात मोठा पक्षी, तरी वजन जेमतेम ५०-५५ ग्रॅम. हिवाळा दक्षिण अमेरिकेत, मुख्यतः ब्राझीलमध्ये, आणि वीण इथे. रॉकी पर्वताच्या पूर्वेला तो आता जवळजवळ पूर्णपणे माणसांनी उभारलेल्या घरांत राहतो. चोक्टॉ आणि चिकसॉ लोक त्याच्यासाठी पोखरलेले भोपळे टांगत. ती रीत आजही चालू आहे, आणि तो भोपळा म्हणजे आपल्या दुधीचीच जात, वेलावर पूर्ण पिकवून टणक वाळवलेली. घरं लावून त्यांची देखभाल करणाऱ्याला इकडे घरमालकच म्हणतात, मीही तेच म्हणतो.

नेहमीचा हिशेब वर्षाला एक वीण. मादी रोज एक अशी ४ ते ६ पांढरीशुभ्र अंडी घालते. साधारण शेवटून दुसरं अंडं पडलं की नेटानं उबवायला बसते. १५-१६ दिवसांत पिल्लं बाहेर येतात आणि २६ ते ३२ दिवसांची झाली की उडतात. उडाल्यावरही आईबाप आठवडाभर, कधी त्याहून थोडं जास्त, त्यांना भरवत राहतात.

दुसरी वीण तेव्हाच म्हणायची, जेव्हा त्याच मादीनं, त्याच हंगामात, पहिल्या विणीतलं निदान एक पिल्लू उडाल्यानंतर पुन्हा अंडी घातली असतील. यातली एक अट जरी सुटली तरी ते दुसरं काहीतरी आहे. ते दुसरं म्हणजे बहुतेक वेळा पुढच्यापैकी एक.

पहिलं, फसलेल्या विणीनंतरचा पुनःप्रयत्न. सापानं, घुबडानं किंवा स्टारलिंगनं (साळुंकीच्या कुळातला पक्षी) पहिली अंडी-पिल्लं संपवली आणि मादीनं नव्यानं मांडामांड केली. हे बऱ्यापैकी नेहमीचं आहे.

दुसरं, रिकामी झालेली खोली उशिरा आलेल्या तरुण जोडीनं घेतली. मागच्या वर्षी जन्मलेले पक्षी प्रौढांच्या मागून कित्येक आठवड्यांनी येतात आणि त्यांना मिळेल ती जागा घ्यावी लागते. "त्याच भोपळ्यात पुन्हा अंडी" या तक्रारीमागे मुख्यतः हेच असतं.

तिसरं, नराच्या दोन माद्या. एक नर शेजारशेजारच्या दोन-तीन खोल्या राखतो आणि कधीकधी त्यांत दोन माद्या नांदतात, पुढेमागे. नराच्या पायातलं ओळखीचं कडं वाचून "हाच तो, म्हणजे दुसरी वीण" असा निष्कर्ष काढला की फसगत झालीच. कडं मादीचं वाचा. नराच्या कड्यावरून दुसरी वीण सिद्ध होत नाही.

चौथं, उडालेली पिल्लं रात्री झोपायला परत येतात. संध्याकाळी खोलीत चार-पाच डोकी दिसली म्हणजे नवी वीण नव्हे.

आता पंचांग मांडू. ह्यूस्टनकडे प्रौढ माद्या मार्चअखेर ते एप्रिलमध्यापर्यंत पहिलं अंडं घालतात. १ एप्रिलला पहिलं अंडं धरा. पाच अंडी ५ तारखेपर्यंत, पिल्लं साधारण २० एप्रिलला, उड्डाण १८ मेच्या आसपास. दहा दिवस उडालेल्यांना सांभाळण्यात गेले असं धरून दुसऱ्या विणीचं पहिलं अंडं २८ मे, पिल्लं १६ जूनच्या सुमाराला, उड्डाण जुलैच्या मध्यावर. बसतं, पण अगदी काठोकाठ. म्हणूनच खात्रीच्या दुसऱ्या विणी मोजक्याच आहेत, आणि त्यांची अपेक्षा ठेवायची ती फ्लोरिडा-टेक्सससारख्या दक्षिणेकडच्या भागात. तिथेही अपवाद म्हणूनच.

रानभैरी (एडिसन, न्यू जर्सी)

उत्तम धागा. वाचनखूण साठवली.

दुर्बीणदादा, न्यू जर्सीचंही असंच पंचांग मांडाल का? इथे जुलैच्या पहिल्या आठवड्यात काही खोल्यांतली पिल्लं उडायला आलेली असतात, त्याच वेळी शेजारच्या खोलीत नुकतीच अंड्यातून निघालेली गुलाबी पिल्लं. खोल्या वेगळ्या आहेत, पण मादी तीच असू शकते ना?

दुर्बीण

रानभैरी, तुमच्याकडे पहिलं अंडं २० मे धरा. पिल्लं ८ जूनच्या आसपास, उड्डाण ६ जुलै. त्यावर दहा दिवस, म्हणजे दुसऱ्या विणीचं पहिलं अंडं १६ जुलै, पिल्लं ४ ऑगस्ट, उड्डाण १ सप्टेंबर. तोवर तुमच्याकडचे मार्टिन दक्षिणेला निघून गेलेले असतात.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात नवी पिल्लं, याचा अर्थ पहिलं अंडं जूनच्या मध्यावर पडलं. त्या वेळी तुमच्या प्रौढ माद्या स्वतःची आठवडाभराची पिल्लं भरवत होत्या. एकच मादी दोन्हीकडे असणं शक्य नाही. ही तरुण जोडी आहे.

सह्यगिरी (डॅलस)

तरुण आणि प्रौढ ओळखायचं कसं, ते इथेच लिहून ठेवते, म्हणजे पुढच्यांना शोधावं लागणार नाही.

नर सोपा. प्रौढ नर डोक्यापासून पोटापर्यंत एकसंध काळपट निळा, उन्हात जांभळी झाक मारणारा. मागच्या वर्षीचा नर पोटाखाली मळकट पांढरा, आणि गळ्या-छातीवर तुरळक गडद पिसं उगवलेली, पांढऱ्या भिंतीवर शाई शिंतोडल्यासारखी.

मादी अवघड. तिची शेपटीखालची पिसं पाहा. प्रौढ मादीच्या या पिसांच्या मध्यभागी गडद करडा-तपकिरी रंग असतो आणि कडा फिक्या. तरुण मादीची ती जागा बरीचशी स्वच्छ पांढरट दिसते. पक्षी तारेवर बसलेला असताना खालून, सकाळच्या उन्हात फोटो घ्यावा. ढगाळ दिवशी सगळ्याच सारख्या दिसतात.

जून-जुलैत नव्यानं अंडी असलेल्या खोलीतली मादी तरुण दिसली तर विषय तिथेच संपला. प्रौढ दिसली तर कड्याकडे वळायचं.

तुंबडी (टँपा)

कड्यांबद्दल. ही कडी घालायला सरकारी परवाना लागतो. परवाने मेरीलँडमधली अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षण खात्याची पक्षी-कडी प्रयोगशाळा देते. एका पायात ॲल्युमिनियमचं बारीक आकड्यांचं कडं, दुसऱ्यात मोठ्या अक्षर-आकड्यांचं रंगीत. आपल्या कामाचं रंगीतच, कारण ते लांबून वाचता येतं. कडी घालणारा परवानाधारक तुमच्या भागात असेल तर पिल्लं पंधरा-वीस दिवसांची असताना त्याला बोलवा. यंदाची पिल्लं पुढच्या वर्षांत वीण करायला आली, तर तेव्हा ओळखता येतात. स्वतः मोठे पक्षी पकडायच्या फंदात पडू नका, ते बेकायदा आहे.

वाचायला साठपट मोठं दाखवणारी दुर्बीण तिवईवर लावावी, किंवा खांबाच्या आडव्या दांडीवर बसण्याच्या काठीच्या समोर छोटा वायफाय कॅमेरा. कॅमेरा काठीपासून दीड-दोन फुटांवर आणि पायांच्या उंचीला. वरून खाली बघणाऱ्या कॅमेऱ्यात पाय पिसांखाली झाकले जातात आणि हंगामभर नुसत्या पाठी दिसतात.

मादी अंडी घालताना आणि उबवताना त्या खोलीत जाते-येते तेव्हाचं वाचन धरायचं. एखाद्या खोलीच्या दारात नुसती बसलेली मादी मोजायची नाही. त्या एकमेकींच्या दारात डोकावत असतात.

मेपल_मावशी (टोरांटो)

नोंदवहीशिवाय हे काहीच कळणार नाही, म्हणून नोंदीचं सांगते. प्रत्येक खोलीवर आकडा रंगवा, सुटी चिठ्ठी नको, पावसात जाते. वहीत प्रत्येक खोलीला एक ओळ: तपासणीची तारीख, अंडी किती, पिल्लं किती आणि अंदाजे वय, मादी तरुण की प्रौढ, कड्याचं रंग-अक्षर. तपासणी ५ ते ७ दिवसांनी. रोज नको, महिन्यानं एकदाही नको. आठवड्याच्या अंतरानं पाहिलं की पहिल्या अंड्याची तारीख मागे मोजून काढता येते, कारण रोज एकच अंडं पडतं. सोमवारी शून्य आणि शनिवारी तीन, म्हणजे पहिलं गुरुवारी.

पिल्लांचं वय असं धरा. पहिले दोन-तीन दिवस पारदर्शक गुलाबी आणि उघडी. आठ-दहा दिवसांत डोळे किलकिले होतात आणि पंखांवर निळसर नळ्या दिसतात. दोन आठवड्यांच्या सुमाराला नळ्यांची टोकं फुटून पिसं बाहेर येतात. तीन आठवड्यांनी पिल्लू पूर्ण पिसांचं.

बावीस दिवसांच्या वर वय गेलं की खोली उघडायची नाही. पिल्लं घाबरून वेळेआधी उड्या मारतात, आणि जमिनीवर पडलेलं पिल्लू मांजराचं किंवा कावळ्याचं.

या नोंदी एरी, पेनसिल्व्हेनिया इथल्या पर्पल मार्टिन कन्झर्वेशन असोसिएशनच्या मार्टिनवॉच प्रकल्पाला पाठवता येतात. दुसऱ्या विणीची नोंद पाठवताना कड्याचा फोटो जोडावा. त्याशिवाय ती नुसती शक्यता राहते.

झाडीपट्टी (सॅन अँटोनियो)

मुद्देसूद चर्चा चालू आहे. मला एक विचारायचं आहे. पहिली पिल्लं उडाली की जुनं घरटं काढून खोली साफ केली तर मादी दुसऱ्या विणीला लवकर बसते असं काही जण सांगतात. खरं आहे का? आणि साफ करायचं झालं तर लगेच की थांबून?

दुर्बीण

झाडीपट्टी, साफसफाई जरूर करा, पण मादीला बसवण्यासाठी म्हणून नव्हे. दुसरी वीण व्हायची की नाही हे मादीच्या अंगातली ताकद, हवेतले किडे आणि हंगामात उरलेले दिवस यांवर ठरतं. उन्हाळा कलला की पिसं झडायला सुरुवात होते आणि पुढे हजारो किलोमीटरचा प्रवास असतो. शरीर त्या तयारीला लागलं की घरटं कितीही चकचकीत असो, अंडी पडत नाहीत.

साफ करायचं ते माइट्ससाठी. पहिल्या विणीच्या घरट्यात उवांसारखे हे रक्तपिपासू किडे, पिसवा आणि माश्यांच्या अळ्या भरलेल्या असतात. त्याच कचऱ्यात दुसरी किंवा तरुण जोडीची वीण झाली तर पिल्लं पहिल्या दिवसापासून रक्त गमावतात, वर जूनचं ऊन. अशी पिल्लं हवेसाठी दारात गर्दी करतात आणि खाली पडतात.

लगेच मात्र नको. शेवटचं पिल्लू उडाल्यावर पाच-सहा दिवस थांबा, कारण ती रात्री परत येतात. मग दुपारी खोली रिकामी आहे, आत अंडं नाही, याची खात्री करा आणि घरटं काढा. १९१८च्या स्थलांतरित पक्षी करार कायद्याखाली अंडी किंवा पिल्लं असलेलं घरटं काढणं गुन्हा आहे. रिकामं काढायला हरकत नाही. आत नवं अंडं दिसलं तर हात लावू नका, घरटं तसंच राहू द्या, आणि पिल्लं दहा दिवसांची झाली की घरटं बदला.

सह्यगिरी

घरटं बदलण्याची रीत सांगते, कारण यात बारीकसारीक गोष्टी चुकतात.

लागणारं सामान: कोरडा लाकडी भुसा, म्हणजे रंध्याचे पातळ छिलके. बारीक भुकटी नको, ती नाकात जाते. एक झाकणाची बादली, तळाला छिलक्यांचा थर. रंगाऱ्याची पत्र्याची खरवडणी. कचऱ्याची पिशवी. हातमोजे.

वेळ सकाळी दहा ते दुपारी एकच्या दरम्यान, हवा कोरडी. पाऊस किंवा थंडी असेल तर दुसरा दिवस.

रहाट फिरवून घरांची चौकट खाली घ्यायच्या आधी खांबावर आणि चौकटीवर एकाच रेषेत खडूनं खूण करा. चौकट वर चढवताना तोंड होतं तिकडेच आलं पाहिजे. पाव फेरी जरी फिरली तरी आईबाप चोचीत चतुर घेऊन चुकीच्या खोलीत शिरतात आणि मारामाऱ्या होतात.

एका वेळी एकच खोली. पिल्लं बादलीत, झाकण अर्धवट. जुनं घरटं पूर्ण खरवडून पिशवीत, कोपऱ्यांतली तपकिरी भुकटीही. ती हलताना दिसली तर माइट्सच आहेत. नवे छिलके दीड-दोन इंच, मागच्या बाजूला मुठीनं खळगा. पिल्लं परत, तोंडं दाराकडे. मोजून ठेवा. एका खोलीला चार-पाच मिनिटं पुरतात. साधारण दहाव्या आणि विसाव्या दिवशी, असं दोनदा.

कीटकनाशकाची पूड टाकू नका. वर्षानुवर्षं लोक टाकत आले, पण पिल्लांच्या अंगाला लागणारं विष कशासाठी? छिलके बदलले की काम भागतं.

रानभैरी

पिल्लांना हात लावला तर आई टाकून देते ना?

सह्यगिरी

नाही. हाताच्या वासानं मार्टिन पिल्लं टाकत नाहीत. चौकट वर गेली की काही मिनिटांत भरवणं सुरू होतं.

तुंबडी

उन्हाबद्दल लिहायलाच हवं, कारण फ्लोरिडा-टेक्ससमध्ये दुसरी वीण झालीच तर पिल्लं वाढतात ती सगळ्यात तापलेल्या दिवसांत.

रंग पांढराच हवा. जुने वाळके भोपळे दर दोन-तीन वर्षांनी बाहेरून पांढऱ्या रंगानं रंगवा. आतून रंग नको. हवा खेळायला मानेजवळ दोन्ही बाजूंना अर्ध्या इंचाची भोकं पाडून प्लास्टिकच्या नळाचे छोटे कोपरे बसवायचे, तोंड खाली. वर तोंड राहिलं की पाऊस आत, आणि ओलं घरटं उन्हापेक्षा जास्त पिल्लं मारतं. तळाला पाणी निघायला पाव इंचाची चार-पाच भोकं.

खोली मोठी असावी. जुन्या ॲल्युमिनियमच्या घरांतल्या ६ बाय ६ इंचांच्या खोल्यांत पाच पिल्लं जूनमध्ये अक्षरशः भाजतात. मधली भिंत काढून ६ बाय १२ करा. खोल्या निम्म्या होतील, पिल्लं जास्त वाचतील, आणि घुबडाचा पंजा मागच्या कोपऱ्यापर्यंत पोचणार नाही.

पाण्याचा फवारा मारणं टाळा. सावलीसाठी झाड जवळ आणू नका. खांबाभोवती ४०-६० फूट मोकळं आकाश लागतंच. झाडाच्या आडून शिकऱ्यासारखा कूपर्स हॉक येतो, आणि मार्टिन अशा जागी मुळात राहतच नाहीत.

झाडीपट्टी

मधल्या रिकाम्या दिवसांत चिमण्या शिरतात, त्याचं काय करायचं? खोल्या बंद कराव्या का?

खरं सांगायचं तर चिमणीचं घरटं काढायला हात धजत नाही. तिकडे नागपूरला लोक चिमण्यांसाठी लाकडी घरटी लावतात, २० मार्चला चिमणी दिवस साजरा करतात.

मेपल_मावशी

झाडीपट्टी, मनाला लागतं हे अगदी मान्य. पण चिमणी इथली नाही. १८५०च्या दशकात ब्रुकलिनमध्ये माणसांनी आणून सोडली. स्टारलिंग १८९०मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात सोडली. दोघीही ढोलीत घरटं करणाऱ्या. इथल्या मार्टिनला त्यांच्याशी झुंजायची हजारो वर्षांची सवय नाही. नर चिमणा मार्टिनच्या खोलीत शिरून अंडी टोचतो, पिल्लं मारतो, आणि त्यावरच आपलं गवत पसरतो. नागपूरची चिमणी तिच्या घरी आहे, तिला घर देणं योग्यच. इथे मात्र तिला खोली दिली की मार्टिनची खोली गेली.

अमेरिकेत या दोन जातींना कायद्याचं संरक्षण नाही. तरी आधी अंडी नीट ओळखा. चिमणीचं अंडं मळकट पांढरं, त्यावर करडे-तपकिरी ठिपके. स्टारलिंगचं फिकट निळं, बिनठिपक्यांचं. मार्टिनचं पांढरंशुभ्र. गोंधळ होतो तो ट्री स्वॅलो या लहान भिंगरीशी, तिचंही अंडं पांढरं. पण ते लहान असतं आणि घरट्यात पिसांचा गालिचा असतो. ट्री स्वॅलो, ब्लूबर्ड, रेन यांच्या घरट्यांना हात लावणं मार्टिनइतकाच गुन्हा.

आणखी एक. चिमण्याचं घरटं नुसतं उपसत राहिलात तर तो चवताळून शेजारच्या खोल्यांवर हल्ला करतो. नराला खोलीतल्या सापळ्यानं पकडणं किंवा ती एक खोली काही दिवस बुचानं बंद करणं, दोन्हीपैकी एक करा. नुसतं गवत काढणं सगळ्यात वाईट.

दुर्बीण

खोल्या बंद करण्याबद्दल मेपल मावशींना अर्धं अनुमोदन. चिमणा बसलेली खोली बंद, ठीक. पण "पिल्लं उडाली, आता सगळी बुचं लावा" हे जून-जुलैत करू नये. एक तर उडालेली पिल्लं रात्री येतात. दुसरं, उशिरा येणारे तरुण पक्षी याच दिवसांत खोल्या पाहून ठेवतात, ते पुढच्या वर्षीचे रहिवासी. तिसरं, दक्षिणेत खरी दुसरी वीण झालीच तर तिला दार उघडं हवं.

स्टारलिंगसाठी दाराचा आकारच उपाय आहे. गोल दार २ १/८ इंच व्यासाचं असेल तर स्टारलिंग सहज आत जाते. अर्धचंद्र दार ३ इंच रुंद आणि १ ३/१६ इंच उंच असेल तर मार्टिन पोट टेकून सरकतो, स्टारलिंग अडते. उंची सव्वा इंच झाली तर काही स्टारलिंग आत येऊ लागतात, म्हणून घरी कापणाऱ्यांनी मोजमाप पट्टीनं न करता कॅलिपरनं करावं. दाराचा तळ बाहेरच्या ओट्याला जवळपास चिकटून हवा, फार तर अर्धा इंच वर. आतही तेवढ्याच उंचीचा ओटा द्या, नाहीतर बाहेर निघताना पंख अडकून पक्षी दारात मरतो. चिमणी मात्र यातूनही शिरते, तिला हा उपाय नाही.

मेपल_मावशी

मान्य. इकडे ओंटारिओत मी ऑगस्टच्या मध्यापर्यंत दारं उघडी ठेवावीत असंच सांगते. फक्त चिमणा बसला तर तेवढ्या खोलीला बूच.

रानभैरी

उशिराच्या पिल्लांना साप आणि मुंग्यांचा धोका जास्त असतो का? की पहिल्या विणीइतकाच?

तुंबडी

जास्त असतो. सुरुवातीला वसाहत भरलेली असते, वीस जोड्या मिळून कावळ्याला हाकलतात. जुलैत एक-दोन जोड्या उरतात. ओरडा करायलाही कोणी नाही.

खांबाला जमिनीपासून चार-पाच फुटांवर शेगडीच्या धुराड्याचा पत्र्याचा नळ, ८ इंच व्यासाचा आणि निदान २४ इंच लांब, सैल डुलता बसवा. रॅकून त्यावर अडतं. मोठा रॅट स्नेक कधीकधी चढतो, म्हणून नळाच्या खाली पाऊण इंची जाळी चुणीदार गोळा करून गुंडाळा. घट्ट ताणलेली जाळी म्हणजे सापाला शिडी. सैल चुण्यांत तो अडकतो. रोज पाहा, अडकला तर कात्रीनं जाळी कापून सोडा.

आगमुंग्यांसाठी नळाच्या खाली खांबाला चार इंचांचा ग्रीसचा पट्टा. वर लावला तर पक्ष्यांच्या पिसांना लागतो. रहाटाची दोरी जमिनीपर्यंत लोंबती राहिली की मुंग्या पट्टा चुकवून दोरीवरून चढतात, हे हमखास विसरलं जातं. दोरी खांबाच्या आत किंवा पट्ट्याच्या वर बांधा.

झाडीपट्टी

आणि पिल्लू खाली पडलं तर? जुलैत शेजारच्या खोलीत त्याच वयाची पिल्लं नसतात.

सह्यगिरी

वेळेआधी पडलेलं असेल तर पहिल्यांदा त्याच्याच खोलीत परत ठेवा. कुठली खोली ते कळत नसेल, तर वहीतून त्या वयाची खोली शोधा. वयात दोन-तीन दिवसांहून जास्त फरक असलेल्या खोलीत टाकू नका, मोठी भावंडं सगळं खातात. परत ठेवल्यावर पाच-दहा मिनिटं दार फडक्यानं झाका, म्हणजे घाबरून पुन्हा उडी मारत नाही. आणि फडकं काढायला विसरू नका.

जुलैत एकच वीण उरली असेल आणि आईबाप दोन तास फिरकले नाहीत, पिल्लं गार आणि ढिली लागली, तर परवानाधारक वन्यजीव शुश्रूषा केंद्राला फोन करा. नंबर हंगामाच्या आधीच वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा. घरी सांभाळणं बेकायदा आहे आणि जमतही नाही. त्यांना दिवसभर दर अर्ध्या-पाऊण तासानं किडे लागतात. दूध-पोळी, भिजवलेला ब्रेड कधीच नको.

रानभैरी

बाळबोध वाटणारी शंका, पण विचारते. हे डास खाऊन बाग साफ ठेवतात म्हणतात, म्हणजे जुलैपर्यंत थांबले तर फायदाच ना?

दुर्बीण

डासांचा मुद्दा सोडून द्या. मार्टिन दिवसा उंचावर शिकार करतात आणि डास संध्याकाळी जमिनीलगत असतात. त्यांच्या आहारात चतुर, भुंगेरे, पंख फुटलेल्या मुंग्या, माश्या, फुलपाखरं. दुसऱ्या विणीला अन्न पुरेल का हे बघायचं तर चतुर किती आहेत ते बघा. कोरड्या जूनमध्ये तळी आटली की चतुर घटतात. आईबापांच्या चोचीत मोठे चतुर न येता बारीक माश्याच यायला लागल्या, तर ती पिल्लं मागे पडताहेत असं समजा आणि तपासणीत वजनाकडे, पोटाच्या गोलाईकडे लक्ष द्या.

एक गोष्ट घरमालक नक्की करू शकतो: कॅल्शियम. कोंबडीच्या अंड्यांची टरफलं ओव्हनमध्ये भाजून जंतू मारायचे, नखाएवढे तुकडे करायचे आणि उघड्या ट्रेमध्ये खांबाजवळ ठेवायचे. दुसऱ्यांदा अंडी घालणाऱ्या मादीचा साठा पहिल्या विणीत खर्च झालेला असतो.

तुंबडी

घरं उतरवायची घाई करणाऱ्यांसाठी. जूनअखेरपासून दक्षिणेत मार्टिन रात्रीच्या मोठ्या थव्यांत जमायला लागतात. दक्षिण कॅरोलिनातल्या लेक मरेच्या बेटावर लाखांनी येतात, पहाटे उठताना हवामानाच्या रडारवर गोल कडं उमटतं. ह्यूस्टनकडे स्टॅफर्डचा थवा पाहायला लोक जमतात. तुमच्या खांबावरचे पक्षी संध्याकाळी दिसेनासे झाले म्हणजे ते तिकडे झोपायला जात असतील, वसाहत संपली असं नव्हे. दिवसा एखादी मादी चोचीत काही घेऊन एका खोलीत जाताना दिसते का, हे अर्धा तास बसून पाहा. शेवटचं पिल्लू उडाल्यावर दोन आठवडे जाऊ द्या, मगच चौकट उतरवा.

झाडीपट्टी

एका खोलीत २९ मेला पहिलं अंडं, मादी प्रौढ, डाव्या पायात रंगीत कडं. हीच खोली १७ मेला रिकामी झाली होती, चार पिल्लं उडाली. कड्याचं पहिलं अक्षर वाचता येतंय, पुढचे आकडे नाही.

दुर्बीण

तारखा बसतात. पहिल्या विणीच्या वेळचं कडं वहीत आहे का? असेल तर आता उबवणीच्या पंधरवड्यात ती दिवसातून अनेकदा बाहेर येते, सकाळी आठ ते दहामध्ये ऊन पाठीशी घेऊन काठीवर उतरताना फोटो घ्या, सलग वीस-तीस. पूर्ण आकडा मिळाला की दोन्ही फोटो इथे टाका. खोली उघडायची ती १७ जूनच्या आसपास, अंडी फुटण्याच्या दिवशी. छिलके बदलायचे ते २७ जूनला.